रेणूचें आसन

सणाचा दिवस जवळ आला कीं घरोघरीं तांब्यापितळेचीं भांडीं बाहेर निघतात. काळवंडलेल्या घागरीवर चिंचेचा कोळ फिरला म्हणजे खालचा तांब्याचा लालसर रंग पुन्हां झळकूं लागतो. या साध्या कृतींत एक रासायनिक घटना घडत असते. हवेंतील प्राणवायु तांब्याशीं संयोग पावून त्याच्या पृष्ठभागावर जो काळसर थर तयार करतो त्यास शास्त्रीय भाषेंत ऑक्साइड म्हणतात. आणि चिंचेंतील आम्ल तो थर विरघळवून टाकतें. भांडें घासणाराच्या दृष्टीनें हा थर म्हणजे नुसता मळ. परंतु शेजारीं ठेवलेल्या ॲल्युमिनियमच्या पातेल्याकडे पाहिलें तर त्याच थराची दुसरी बाजू ध्यानांत येते. ॲल्युमिनियम हा धातु तांब्याहूनहि अधिक आतुरतेनें प्राणवायूशीं संयोग पावतो. तरीहि तें पातेलें वर्षानुवर्षें टिकतें. कारण हवा लागतांच त्याच्यावर ऑक्साइडचा एक अतिशय पातळ, पारदर्शक व घट्ट पापुद्रा चढतो आणि तोच खालच्या धातूचें रक्षण करतो. त्या पापुद्र्याची जाडी अवघी कांहीं नॅनोमीटर असते. एका मिलिमीटरचे दहा लक्ष भाग केले तर त्यांतील एक भाग म्हणजे नॅनोमीटर. माणसाच्या केसाची जाडी या मापानें पन्नास हजारांपासून एक लक्षापर्यंत भरते.

स्वयंपाकघरांत जो पापुद्रा भांड्याचें चिलखत होतो, तोच गेल्या वीसपंचवीस वर्षांत शास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळेंत एका निराळ्याच कामास लागला आहे. एकट्यादुकट्या रेणूचें निरीक्षण करावयाचें तर त्यास बसावयाला योग्य आसन कोणतें, या प्रश्नाचें एक उत्तर म्हणून ऑक्साइडचा पातळ थर पुढें आला. हें आसन कां लागतें, तें किती पातळ असावें लागतें, आणि तें खरोखर मुकाट्यानें खालीं पडून राहतें काय, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

पदार्थाचा मूळ घटक अणु, आणि दोन किंवा अधिक अणु एकमेकांस बांधले जाऊन जो समूह होतो तो रेणु. ज्या रेणूंचा सांगाडा कार्बनच्या अणूंचा असतो त्यांस सेंद्रिय रेणु अशी संज्ञा आहे. साखरेची गोडी, कापराचा वास, हळदीचा पिवळेपणा, पानांचा हिरवेपणा या सर्वांच्या मुळाशीं असेच रेणु आहेत. रसायनशास्त्रज्ञांनीं त्यांच्या आकृति कागदावर काढण्यास फार पूर्वीं प्रारंभ केला. जर्मन रसायनशास्त्रज्ञ केकुले यांनीं १८६५ सालीं बेंझीनच्या रेणूंतील सहा कार्बन-अणु अंगठीसारखे एका वलयांत गुंफलेले आहेत अशी कल्पना मांडली. ही कल्पना पुढें पूर्णपणें खरी ठरली. परंतु तें अनुमान होतें. कोट्यवधि रेणूंच्या एकत्रित वर्तनावरून एका रेणूचें रूप ताडलेलें होतें. एकटा रेणु समोर ठेवून कोणी तो न्याहाळला नव्हता.

साध्या सूक्ष्मदर्शक यंत्रानें हें काम होण्यासारखें नाहीं. प्रकाश हा लाटांच्या स्वरूपाचा आहे. समुद्राची मोठी लाट पाण्यांत रोवलेल्या काठीला वळसा घालून पुढें निघून जाते. काठीचा आकार लाटेवर उमटत नाहीं. त्याचप्रमाणें प्रकाशाच्या लाटेच्या लांबीपेक्षां पुष्कळ लहान अशी वस्तु प्रकाशास जणूं जाणवतच नाहीं. एर्न्स्ट आबे यांनीं १८७३ सालीं ही मर्यादा गणितानें दाखवून दिली. ती सुमारें दोनशें नॅनोमीटर आहे. आणि बेंझीनच्या रेणूची रुंदी जेमतेम अर्धा नॅनोमीटर भरते. भिंग कितीहि उत्तम घासलें तरी ही दरी भरून निघणें शक्य नाहीं.

मग जें डोळ्यांस दिसत नाहीं तें चाचपून पाहावें, असा मार्ग निघाला. अंध मनुष्य ठिपक्यांच्या लिपीवरून बोट फिरवून पुस्तक वाचतो, तसेंच कांहींसें हें आहे. स्वित्झर्लंडमध्यें झुरिकजवळ असलेल्या आयबीएम कंपनीच्या प्रयोगशाळेंत गेर्ड बिनिग व हाइनरिख रोरर या दोघा शास्त्रज्ञांनीं १९८१ सालीं असें एक यंत्र सिद्ध केलें. त्यास स्कॅनिंग टनेलिंग मायक्रोस्कोप असें नांव मिळालें. सुईचा सूक्ष्मदर्शक असें त्यास सोप्या भाषेंत म्हणतां येईल. १९८६ सालच्या पदार्थविज्ञानाच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा भाग या दोघांस मिळाला. उरलेला अर्धा, इलेक्ट्रॉनांचा सूक्ष्मदर्शक प्रथम बनविणारे एर्न्स्ट रुस्का यांस देण्यांत आला.

या यंत्रांत भिंग नाहीं. धातूची एक सुई असते आणि तिचें टोंक इतकें अणकुचीदार केलेलें असतें कीं अगदीं अग्रभागीं एकच अणु पुढें आलेला असावा. ही सुई पाहावयाच्या पृष्ठभागाजवळ आणतात, परंतु टेकवीत नाहींत. मध्यें एका नॅनोमीटरहूनहि कमी पोकळी ठेवतात. सुई व पृष्ठभाग यांच्यामध्यें विजेचा थोडासा दाब दिला तर, मधली पोकळी जशीच्या तशी असतांहि, वीज वाहूं लागते. नेहमींच्या अनुभवाप्रमाणें हें अशक्य आहे. तार तुटली कीं दिवा विझावयासच हवा. परंतु विजेचा सूक्ष्म कण, म्हणजे इलेक्ट्रॉन, हा नुसता कण नसून त्याचें वागणें लाटेसारखेंहि असतें. पलीकडे जाण्याइतकी शक्ति अंगीं नसतांहि, भिंत पुरेशी पातळ असेल तर तो कधीं कधीं पलीकडे उमटतो. डोंगर चढून न जातां बोगद्यांतून जावें तसा हा प्रकार असल्यामुळें त्यास बोगद्याचा प्रवाह असें नांव पडलें. हा प्रवाह अत्यल्प असतो; एका अँपिअरच्या अब्जांश भागाइतका किंवा त्याहूनहि कमी. परंतु त्याचा एक गुण असा आहे कीं सुई व पृष्ठभाग यांतील अंतर नॅनोमीटरच्या एकदशांशानें वाढलें तर प्रवाह सुमारें दहा पटींनीं घटतो, आणि तितक्यानेंच कमी झालें तर दहा पटींनीं वाढतो. अंतराची इतकी नाजूक जाणीव दुसऱ्या क्वचितच कोणत्या साधनास असेल.

सुई इतक्या सूक्ष्म पावलांनीं हलवावयाची कशी, हाहि प्रश्नच होता. त्याचें उत्तर जुनें होतें. विजेचा दाब दिला असतां किंचित् लांबणारे वा आखडणारे कांहीं पदार्थ असतात. या गुणाच्या मुळाशीं असलेला विजेचा व दाबाचा संबंध पिएर व झाक क्यूरी या बंधूंनीं १८८० सालीं शोधून काढला होता. अशा पदार्थाच्या दांडीवर सुई बसविली म्हणजे विजेच्या साह्यानें तिला हव्या त्या दिशेस केसाच्या लक्षांश भागाएवढेंहि सरकवितां येतें. मग शेतांत नांगराचे तास घालावे तशी सुई ओळीमागून ओळ फिरते; प्रवाह कायम राहावा म्हणून उंचवट्यावर वर उचलली जाते, खळग्यांत खालीं येते; आणि तिच्या या वरखालीं होण्याची नोंद जुळवून पृष्ठभागाचें चित्र तयार होतें.

येथें एक गोष्ट विसरतां कामा नये. हें चित्र छायाचित्र नव्हे. सुई अणूंचे गोळे चाचपीत नाहीं. ती कोठें किती इलेक्ट्रॉन मिळतात किंवा स्वीकारले जातात, हें चाचपते. विजेचा दाब बदलला तर त्याच रेणूचें चित्र बदलतें. म्हणून चित्र काढणें हें अर्धेंच काम, आणि त्याचा अर्थ लावणें हें उरलेलें अर्धें.

आतां रेणु पृष्ठभागावर बसतो म्हणजे काय होतें, तें पाहिलें पाहिजे. टिपकागदावर शाई पडली कीं ती कागदाच्या पोटांत शिरते, हें शोषण. उलट, चहाचा वाफाळलेला पेला तोंडाशीं नेला कीं चष्म्याची कांच धुरकटते. ती वाफ कांचेच्या आंत जात नाहीं, वरवरच बिलगून राहते. स्थूलमानानें असेंच, वायूंतील किंवा द्रवांतील रेणु घन पदार्थाच्या केवळ पृष्ठभागास धरून राहिले तर त्यास अधिशोषण म्हणतात. या विषयाचा पाया घालणारे अमेरिकन शास्त्रज्ञ आयर्व्हिंग लँगम्यूर यांस १९३२ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. अधिशोषण ही इतकी सहज घडणारी गोष्ट आहे कीं शास्त्रज्ञांस प्रथम तिच्याशींच झगडावें लागतें. मोकळ्या हवेंत एखादा धातु अगदीं निर्मळ केला तरी एका सेकंदाच्या अत्यल्प अंशांत हवेंतील रेणु त्याचा सारा पृष्ठभाग व्यापून टाकतात. हवेचा दाब नेहमींच्या सुमारें शहात्तर कोटींव्या भागावर आणला तर हेंच काम व्हावयास सुमारें एक सेकंद लागतो. त्याच्याहि दहासहस्रांश भागापर्यंत दाब उतरविला तर कोठें दोनतीन तासांची सवड मिळते. म्हणून हे प्रयोग जाड पोलादी भांड्यांत, जवळजवळ पूर्ण निर्वात स्थितींत चालतात. शिवाय रेणु उष्णतेनें पृष्ठभागावर भटकत राहूं नयेत म्हणून सर्व यंत्र द्रवरूप हीलियमच्या साह्यानें थंड करतात. द्रव हीलियमचें उष्णतामान शून्याखालीं सुमारें २६९ अंश असतें. इतका शेक काढून घेतला म्हणजे रेणु जागच्या जागीं निपचित पडतो, आणि त्याच्यावर सुई तासन् तास ठेवतां येते.

या साधनसामग्रीच्या जोरावर शास्त्रज्ञांनीं मोठी मजल मारली. १९९८ सालीं अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठांत विल्सन हो व त्यांचे सहकारी यांनीं तांब्याच्या पृष्ठभागावर ॲसिटिलीनचा एकच रेणु ठेवून त्याचें कंपन मोजलें. जत्रेंतील कार्बाइडच्या दिव्यांत जो वायु जळत असे तोच हा ॲसिटिलीन. त्यांतील कार्बन व हायड्रोजन यांचा बंध एखाद्या स्प्रिंगप्रमाणें थरथरतो. साध्या हायड्रोजनच्या जागीं दुपटीनें जड असा हायड्रोजन असलेला रेणु ठेवला तर थरथर मंद होते. सुईखालीं विजेचा दाब हळूहळू वाढवीत नेला असतां साध्या रेणूची खूण एका दाबास उमटली व जड रेणूची त्याहून कमी दाबास. शेजारीं शेजारीं पडलेल्या, दिसण्यांत सारख्याच अशा दोन रेणूंपैकीं कोणता साधा व कोणता जड, हें त्यावरून ओळखतां आलें. एका रेणूची ओळख पटविण्याची ही रीत फार मोलाची ठरली.

तरीहि धातूच्या आसनाचा एक दोष होता, आणि तो मूलगामी होता. धातूंत इलेक्ट्रॉनांचा जणूं सागर असतो. ते कोणा एका अणूचे बांधलेले नसतात. अशा सागराच्या काठीं रेणु बसला कीं त्याचे इलेक्ट्रॉन व धातूचे इलेक्ट्रॉन परस्परांत मिसळूं लागतात. एकट्या रेणूमध्यें इलेक्ट्रॉनांच्या शक्तीच्या ठरलेल्या, स्पष्ट पायऱ्या असतात. धातूवर त्या पायऱ्या पसरट व अस्पष्ट होऊन जातात. शिवाय रेणूस उत्तेजित केलें तर त्यानें प्रकाश देऊन शांत व्हावें, हा त्याचा मूळ स्वभाव. परंतु प्रकाश देण्यास त्याला साधारणपणें सेकंदाच्या अब्जांश भागाइतका अवधि लागतो, आणि त्याच्या कित्येक पट आधींच धातु ती शक्ति ओढून घेतो. देवळांतली घंटा दोरीवर टांगलेली असली तर टोल दिल्यावर घुमत राहते. तीच तळहातांत घट्ट धरून वाजविली तर नुसता ठक् असा बद्द आवाज निघतो. घंटेंत कांहीं उणें नसतें. धरणाऱ्या हातानें तिचा नाद गिळलेला असतो. धातूवरील रेणूची हीच गत होते. शास्त्रज्ञास पाहावयाचा होता रेणु. दिसत होतें रेणु व धातु यांचें मिश्रण.

या घंटेस दोरी हवी होती. वीज न वाहूं देणाऱ्या पदार्थावर रेणु ठेवला तर तो मोकळा राहील, हें उघड होतें. ॲल्युमिनियमचें ऑक्साइड हा असा पदार्थ आहे. माणिक व नीलम हीं रत्नें मूलतः याच ऑक्साइडचे स्फटिक होत. परंतु नीलमाच्या खड्यावर रेणु ठेवून सुई जवळ आणली तर प्रवाह मुळीं सुरूच होत नाहीं. प्रवाह नाहीं म्हणजे अंतराची जाणीव नाहीं. आणि प्रवाह शोधीत खालीं उतरणारी सुई शेवटीं खड्यावर आपटून मोडते. ज्या गुणामुळें रेणु मोकळा राहावयाचा त्याच गुणामुळें यंत्र आंधळें होतें, असा हा पेंच होता.

पेंच सुटला तो जाडीच्या बाबतींत तडजोड केल्यामुळें. इलेक्ट्रॉन पातळ भिंतींतून पलीकडे उमटतो, मग ती भिंत पोकळीची असो वा ऑक्साइडची. धातूवर ऑक्साइडचा केवळ दोनचार अणूंच्या जाडीचा थर चढविला तर सुईच्या प्रवाहास वाट मिळते, आणि तरीहि रेणु व धातु यांच्यामध्यें पुरेसा आडपडदा राहतो. फार जाड झाला तर प्रवाह थांबतो, फार पातळ झाला तर धातूचा हात रेणूपर्यंत पोंचतो. या दोहोंमधील अरुंद पट्टींत हें सर्व शास्त्र वसलेलें आहे.

असा थर तयार करण्याची एक रीत विशेष प्रसिद्ध आहे. शुद्ध ॲल्युमिनियमवर चढलेला पापुद्रा अस्ताव्यस्त असतो. अणु रांगेंत बसविण्यासाठीं तो खूप तापवावा लागतो, आणि ॲल्युमिनियम तर ६६० अंशांसच वितळतें. म्हणून निकेल व ॲल्युमिनियम यांचा समप्रमाण मिश्रधातु घेतात. तो सोळाशें अंशांच्याहि पुढें टिकतो. त्याचा एक अखंड स्फटिक निर्वात भांड्यांत स्वच्छ करून, तापवून, त्यावर मोजका प्राणवायु सोडतात, आणि पुन्हां अधिक तापवितात. पृष्ठभागाजवळील ॲल्युमिनियम वर येऊन प्राणवायूशीं संयोग पावतें आणि सुमारें अर्धा नॅनोमीटर जाडीचा थर तयार होतो. मौज अशी कीं एवढी जाडी झाली म्हणजे त्याची वाढ आपोआप थांबते. ॲल्युमिनियमचे दोन पदर व प्राणवायूचे दोन पदर, आलटून पालटून. बस, एवढाच तो थर. बर्लिन येथील फ्रिट्झ हाबर संस्थेंत हान्स-योआखिम फ्रॉइंड व त्यांचे सहकारी यांनीं अशा थरांचा दीर्घकाळ अभ्यास केला. या थरांतील अणूंची नेमकी मांडणी व्हिएन्ना येथील संशोधकांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं सुईचीं चित्रें व संगणकाचें गणित यांची सांगड घालून २००५ सालीं उलगडली. तेव्हां असें दिसून आलें कीं नेहमींच्या ऑक्साइडमध्यें ॲल्युमिनियमच्या दोन अणूंस प्राणवायूचे तीन अणु असतात, तर या पातळ थरांत हें प्रमाण दहास तेरा असें आहे. म्हणजे माणकाचा पातळ काप काढल्यानें हा थर मिळावयाचा नाहीं. पातळ होणें म्हणजे येथें निराळाच पदार्थ होणें आहे.

या आसनाचा उपयोग काय, तें २००३ सालीं दिसून आलें. विल्सन हो हे तोंवर कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन येथील शाखेंत आले होते. त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं पॉर्फिरिन जातीचा एक रेणु या थरावर ठेवला. रक्तास तांबडेपणा देणारा घटक व पानास हिरवेपणा देणारा घटक या दोहोंचा गाभा म्हणजे हेंच पॉर्फिरिनचें वलय. रक्तांत त्याच्या मध्यभागीं लोह बसलेलें असतें, पानांत मॅग्नेशियम, आणि या प्रयोगांतील रेणूंत जस्त होतें. सुईंतून इलेक्ट्रॉन सोडले, आणि तो एकटा रेणु उजळला. त्यानें दिलेला प्रकाश पृथक् करून पाहतां त्यांत रेणूच्या कंपनांच्या बारीक रेषा मोजतां आल्या. सुई त्याच रेणूच्या निरनिराळ्या भागांवर नेली असतां प्रकाशांतहि फरक पडत होता. जो नाद धातूचा हात गिळून टाकीत होता तो अर्ध्या नॅनोमीटरच्या दोरीनें मोकळा केला.

ऑक्साइडप्रमाणेंच घरांतल्या मिठाचाहि असा पातळ थर चढवितां येतो. झुरिकच्या प्रयोगशाळेंत २००५ सालीं तांब्यावर मिठाचा थर चढवून त्यावर पेंटासीन नांवाचा रेणु ठेवण्यांत आला. बेंझीनचीं पांच वलयें एका ओळींत जोडलीं म्हणजे पेंटासीन होतें. विजेचा दाब कमी असतां हा रेणु नुसत्या लांबट गोळ्यासारखा दिसे. परंतु दाब रेणूच्या एखाद्या पायरीशीं जुळला कीं एकाएकीं त्याच्यावर पाकळ्यांची नक्षी उमटे. एका पायरीस एक नक्षी, दुसरीस दुसरी. या आकृति नवीन नव्हत्या. एकट्या रेणूंत इलेक्ट्रॉन कोठें कसे पसरलेले असतात याचें गणित करून शास्त्रज्ञांनीं त्या पूर्वींच काढलेल्या होत्या. कागदावरील गणित व सुईखालील रेणु यांचा मेळ इतका उत्तम जुळला, याचें श्रेय त्या मिठाच्या थरास आहे. २००९ सालीं त्याच प्रयोगशाळेंत, प्रवाहाऐवजीं सुईवर पडणारी सूक्ष्म ओढ मोजून, पेंटासीनचीं पांचहि वलयें स्पष्टपणें पाहण्यांत आलीं. केकुले यांच्या वलयाची कल्पना निघाल्यास तेव्हां एकशें चव्वेचाळीस वर्षें झालीं होतीं.

येथवर ऐकून कोणास वाटेल कीं थराचें काम म्हणजे गादीचें काम. रेणूखालीं पडून राहावें, धातूस दूर ठेवावें, आणि स्वतः कशांतहि पडूं नये. पुष्कळ दिवस तज्ज्ञांचीहि साधारण समजूत अशीच होती. परंतु निसर्गानें ती मान्य केली नाहीं. ऑस्ट्रियांतील ग्राझ विद्यापीठांतील शास्त्रज्ञांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०१७ सालीं प्रसिद्ध केलेलें संशोधन या दृष्टीनें फार बोधप्रद आहे. त्यांनीं तोच पेंटासीनचा रेणु दोन आसनांवर ठेवून तुलना केली: एक उघडी चांदी, आणि दुसरी मॅग्नेशियमच्या ऑक्साइडचा अतिपातळ थर चढविलेली चांदी. साध्या तर्काप्रमाणें थर असलेल्या ठिकाणीं रेणु अलिप्त राहावा. प्रत्यक्षांत उलटें घडलें. थरावर बसलेल्या रेणूनें चांदींतून एक संपूर्ण इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढून घेतला होता.

याचें कारण असें. धातूंतील इलेक्ट्रॉनांचा सागर पृष्ठभागाच्या काठावरून किंचित् बाहेर सांडलेला असतो. वर ऑक्साइडचा थर बसला कीं तो हा सांडलेला भाग आंत रेटतो, आणि त्यामुळें धातूंतून इलेक्ट्रॉन बाहेर काढण्यास लागणारी शक्ति कमी होते. इलेक्ट्रॉन थराच्या पातळ भिंतींतून पलीकडे उमटूं शकतोच. पलीकडे त्याचें स्वागत करण्यास पेंटासीनची मोकळी पायरी तयार असते. उघड्या चांदीवर रेणु व धातु यांची मिसळण झाल्यामुळें कोणता इलेक्ट्रॉन कोणाचा, हें सांगणें कठीण जातें. थरावर मात्र हिशेब चोख राहतो: एक इलेक्ट्रॉन, आणि तो रेणूचा. जो पडदा दोघांना दूर ठेवण्यासाठीं घातला त्यानेंच देवघेव घडवून आणली. सोन्याच्या एकेकट्या अणूंच्या बाबतींतहि असाच अनुभव आला; मॅग्नेशियमच्या ऑक्साइडचा थर पातळ असला तर सोन्याचा अणु इलेक्ट्रॉन घेतो, आणि थर जाड केला तर तो उदासीन राहतो. थराची जाडी म्हणजे नुसती मोजपट्टी नव्हे; ती रेणूचा स्वभाव ठरविणारी किल्ली आहे.

ही केवळ पंडितांची चर्चा नाहीं. आज पुष्कळांच्या हातांतील दूरध्वनीचा पडदा सेंद्रिय रेणूंच्या प्रकाशानें उजळतो. चिंग टांग व स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनीं १९८७ सालीं कोडॅक कंपनीच्या प्रयोगशाळेंतून असा कार्यक्षम दिवा प्रसिद्धीस आणला. त्यांत सेंद्रिय थर हे इंडियम व कथिल यांच्या ऑक्साइडच्या पारदर्शक लेपावर चढविलेले होते. १९९१ सालीं ब्रायन ओरीगन व मिखाएल ग्रेट्झेल यांनीं टायटॅनियमच्या ऑक्साइडवर रंगद्रव्याचा रेणु बसवून सूर्यप्रकाशापासून वीज मिळविणारा घट प्रसिद्ध केला. या दोन्ही ठिकाणीं सारें यश एकाच गोष्टीवर अवलंबून आहे: सेंद्रिय रेणु व ऑक्साइड यांच्या सीमेवर इलेक्ट्रॉन ओलांडतो कीं अडतो. दिवा मंद कां होतो, घट कमी वीज कां देतो, याचें उत्तर पुष्कळदां त्या सीमारेषेवर सांपडतें. कारखान्यांत तयार झालेल्या थरांत असंख्य रेणु हव्या तशा स्थितींत पडलेले असतात; त्यांतून कारण शोधणें म्हणजे बाजारांतील कोलाहलांतून एकाचा आवाज ओळखणें. सुईखालचा एकटा रेणु व त्याखालचा मोजून चढविलेला थर यांमुळें तो एक आवाज निराळा ऐकूं येतो.

अर्थात् तेथेंहि सावधगिरी लागते. निकेल-ॲल्युमिनियमवरील थर सर्वत्र एकसारखा नसतो. त्यांत सांधे असतात, उणिवा असतात. एकाच जातीचे दोन रेणु त्यावर दोन निराळ्या ठिकाणीं किंवा निराळ्या ढबीनें बसले तर त्यांचीं उत्तरें निराळीं येऊं शकतात. म्हणून एका सुंदर चित्रावर भिस्त ठेवून चालत नाहीं. अनेक रेणु पाहावे लागतात, दाब बदलून पाहावा लागतो, थराची जाडी बदलून पाहावी लागते, आणि शेवटीं गणिताच्या कसोटीवर सर्व घासून घ्यावें लागतें. इतकें केल्यावर जें टिकतें तें रेणूचें, बाकीचें आसनाचें.

या सर्व शोधांतून एक साधी गोष्ट निष्पन्न होते. निरीक्षणासाठीं वस्तु कोठें तरी ठेवावीच लागते, आणि जेथें ती ठेवली त्या जागेचा कांहीं ना कांहीं अंश निरीक्षणांत उतरतो. धातूवर तो अंश इतका मोठा होता कीं रेणूचा नादच हरपत होता. ऑक्साइडच्या थरानें तो पुष्कळ कमी केला. परंतु नाहींसा केला नाहीं, उलट कोठें कोठें आपला नवा अंश त्यांत मिळविला. शास्त्रज्ञांचें कौशल्य हा अंश टाळण्यांत नसून तो अचूक मोजण्यांत आहे. घागरीवरचा थर चिंचेनें निघून जातो आणि पातेल्यावरचा थर कोणाच्या ध्यानींहि येत नाहीं. पण रेणु खरोखर कसा आहे याचा न्याय करावयाचा तर साक्ष घ्यावी लागते ती त्याच अर्ध्या नॅनोमीटरच्या थराची, आणि त्या साक्षीचीहि उलटतपासणी करावी लागते.